बोरघाट चढलेली लस

इ. स. १८०२ हे साल मराठ्यांच्या इतिहासात हडपसरच्या लढाईने, दुसऱ्या बाजीरावाने पुणे सोडून महाडमार्गे वसई गाठल्याने आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी तेथे झालेल्या तहाने लक्षात राहिले आहे. परंतु त्याच वर्षाच्या १४ जून रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर एका वैद्याने देवीच्या लसीचा जो ओरखडा काढला, त्याची नोंद आपल्या बखरींनी घेतली नाही, व ती त्यांनी घ्यावी अशी अपेक्षा करणेही रास्त नव्हे. ही लस मिलानच्या डॉक्टर साक्को यांजकडून व्हिएन्नाच्या डॉक्टर द कारो यांजकडे, तेथून बगदादेस, बगदादेहून बसऱ्यास आणि बसऱ्याहून गलबताने मुंबईस अशी मजल दरमजल करीत आली होती. तत्पूर्वी दोन वर्षे अशाच रीतीने पाठविलेली लस वाटेतच निकामी होत असे. ॲनाच्या दंडावर मात्र फोड आला, त्या फोडातून आठव्या दिवशी काढलेली लस आणखी काही मुलांना टोचण्यात आली, त्यांच्या दंडांवरून आणखी मुलांना, आणि या एका दंडापासून मद्रास, सिंहलद्वीप व कलकत्ता येथपर्यंत देवीप्रतिबंधाची परंपरा पोहोचली. मद्रासेहून कलकत्त्यास ती ज्या जहाजातून गेली त्याच्यावर लस बाटलीत नव्हती. प्रवासात एकामागून एक टोचीत नेलेल्या मुलांच्या अंगावर ती जिवंत ठेवली होती.

मुंबईहून पुण्याकडे, म्हणजे देशावर, जे काही जाई त्याला त्या काळी पनवेल, खोपोली व बोरघाट हीच मुख्य वाट होती. घाटमाथ्यावर खंडाळा, मग लोणावळे, पुढे कार्ल्याचे लेणे डावीकडे व भाज्याचे उजवीकडे ठेवून इंद्रायणीच्या काठाने वडगाव, तळेगाव अशी ही वाट उतरते, आणि तिच्या दोन्ही अंगांस आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ ही खोरी पसरलेली आहेत. या वाटेची लष्करी किंमत इंग्रज सेनापती वेलस्लीने ओळखली होती. तिच्यावरून चाकाची गाडी सुखाने जाईल असा पक्का रस्ता मात्र १८३० साली, गव्हर्नर जॉन माल्कमच्या अमदानीत, वाहतुकीस खुला झाला. तोपर्यंत घाट चढायचा म्हणजे पालखी, तट्टू, बैल अथवा हमालाचे डोके. मुलांच्या दंडावरची लस या वाटेने वर न्यावयाची असेल तर मूलच वर न्यावे लागे, किंवा दोन काचांमध्ये, नाहीतर सुताच्या धाग्यावर, ती सुकवून, वर मेण लावून जिवापाड जपावी लागे. त्या मेणाच्या आत नेमके काय होते, हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि टोचून घेणाऱ्यालाही नव्हते.

मावळातील लोकांना देवीचा रोग म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागले नव्हते. हिवाळा सरून उन्हे तापू लागली की हा आजार गावोगाव उठे. घरात देवी आल्या म्हणजे दाराला कडुनिंबाचा डहाळा लागे, आजाऱ्याजवळ निंबाचा पाला ठेवीत, घरात फोडणीचा वास येऊ देत नसत, औषधपाणी करणे हा देवीचा अवमान मानीत, आणि रोग उतरल्यावर तिला दहीभाताचा नैवेद्य दाखवून निरोप देत. या आचाराला केवळ अज्ञान म्हणून हसण्याची एकोणिसाव्या शतकातील अंमलदारांची जी रीत होती, ती मला कधीच पटली नाही. कारण ज्या रोगावर औषधच नव्हते, त्यात रोग्याला स्वतंत्र, शांत व स्वच्छ जागेत ठेवणारा, घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांवर निर्बंध घालणारा आणि ज्याच्या अंगावर पूर्वी देवी येऊन गेल्या आहेत अशालाच शुश्रूषेस नेमणारा आचार हा, त्याची कारणमीमांसा कशीही असो, व्यवहारात शहाणपणाचा होता. ज्याला एकदा देवी आल्या त्याला पुन्हा येत नाहीत, हे सूत्र शीतलासप्तमीचे व्रत करणाऱ्या बाईला ही लस शोधणाऱ्या जेनरच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

पेशवाई १८१८ साली बुडाली, मावळ इंग्रजी अंमलाखाली आला, आणि मामलेदार, पाटील व कुलकर्णी या जुन्या साखळीवरच नव्या सरकारने आपली कामे लादली. जमाबंदी व पीकपाहणी यांच्या जोडीला देवी टोचण्याचे काम या साखळीच्या अंगावर आले ते १८२७ नंतर, जेव्हा मुंबई इलाख्यात फिरत्या टोचणाऱ्यांची पद्धत सुरू झाली. इतरत्र दवाखाना एका जागी बसे आणि लोकांनी तेथे यावे अशी अपेक्षा असे; मुंबई इलाख्यात टोचणाऱ्यांना हद्दी नेमून दिल्या, त्यांनी गावोगाव फिरावे, व त्यांच्या कामाची तपासणी एका गोऱ्या अधीक्षकाने करावी, असा शिरस्ता पडला. पुढे बंगाल-मद्रासवाल्यांनी ज्या पद्धतीचा ‘मुंबईची पद्धत’ म्हणून गौरव केला ती हीच. टोचणारा गावात येई, चावडीपाशी मुक्काम करी, पाटलाकडून मुले गोळा करवी, टोची, वहीत नावे मांडी आणि पुढल्या गावी जाई. मात्र आठव्या दिवशी त्याला परत यावे लागे, एक तर फोड ‘उठला’ की नाही हे पाहण्यासाठी आणि दुसरे म्हणजे त्याच फोडातून पुढील मुलांसाठी लस घेण्यासाठी.

या आठव्या दिवसाभोवती सारी व्यवस्था फिरत होती. सातव्या दिवशी फोड पुरता भरलेला नसे. दहाव्या-अकराव्या दिवशी लस गढूळ होऊन पू होऊ लागे. आठवा दिवस चुकला तर साखळी तुटली आणि मग मुंबईहून किंवा पुण्याहून नवी लस येईपर्यंत साऱ्या खोऱ्यातले काम ठप्प. मावळातल्या पावसाची ज्याला कल्पना आहे, त्याला हे सांगावयास नको की जून ते सप्टेंबर या महिन्यांत पवन मावळातून आंदर मावळात आठव्या दिवशी नेमके हजर होणे हे माणसाच्या हातचे नव्हते; इंद्रायणीला पूर, ओढ्यांना उतार नाही, भातखाचरांत माणसे गुडघाभर चिखलात. म्हणून टोचणीचा हंगाम पाऊस सरल्यावर लागे आणि उन्हाळा कडक होण्याच्या आत संपे. उन्हाळ्यात टोचू नये याचे कारण लोक वेगळे सांगत, डॉक्टर वेगळे सांगत. दोघांच्याही अनुभवास मात्र एकच गोष्ट येई की उन्हाळ्यातली लस ‘लागत’ नाही.

हा आठवा दिवस कोणी ठरविला आणि उन्हाळ्यात लस का मरे, या दोन प्रश्नांची उत्तरे सरकारी दफ्तरात शोधून सापडणार नाहीत. ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रयोगशाळेत सापडली. लसीतला विषाणू, ज्याला आज व्हॅक्सिनिया म्हणतात, आणि देवीचा विषाणू व्हॅरिओला हे एकाच कुळातले. या कुळाचे वैशिष्ट्य असे की त्यांचा आनुवंशिक लेख डीएनएचा असूनही ते पेशीच्या केंद्रकात पाऊल टाकीत नाहीत. डीएनए बाळगणारे इतर बहुतेक विषाणू केंद्रकात शिरतात, कारण डीएनएची प्रत काढणारी पेशीची यंत्रणा तेथेच असते. त्यांपैकी काही, उदाहरणार्थ माकडांत आढळणारा एसव्ही-४० किंवा माणसाच्या त्वचेत व गर्भाशयमुखात वाढणारा पॅपिलोमा, आपले एखादे प्रथिन तेवढे पुढे करतात. ते विषाणूच्या डीएनएवरील ठराविक आरंभस्थानी वलयाकार बसते, दुहेरी पीळ उकलते, आणि मग पेशीचीच प्रत काढणारी प्रथिने तेथे खेचून आणते. अडिनोव्हायरसाची तऱ्हा याहूनही निराळी. तो डीएनएची पहिली कडी थेट एका प्रथिनाला जोडून प्रत सुरू करतो. पण या सर्वांना पेशीच्या केंद्रकाचा आश्रय घ्यावाच लागतो.

देवीच्या कुळाने हा आश्रय नाकारला आहे. परक्या परगण्यात उतरणारा एखादा अंमलदार तेथल्या कचेरीवर विसंबून न राहता आपले कारकून, आपला शिक्का आणि आपले दफ्तर बरोबर घेऊन येतो व वेशीबाहेर राहुटी ठोकून तेथूनच हुकूम काढू लागतो, तसा हा विषाणू पेशीद्रवात उतरतो. त्याच्या विटेसारख्या देहाच्या गाभ्यात डीएनएबरोबरच आरएनए घडविणारे त्याचे स्वतःचे एन्झाइम बंद असते. १९६७ साली या एन्झाइमाचा शोध लागला तेव्हा विषाणूच्या कणात असे काही असते ही कल्पनाच नवी होती. पेशीत शिरताच, गाभा पुरता उघडण्याच्याही आधी, हे एन्झाइम डीएनएच्या निवडक भागांवरून संदेश काढू लागते, आणि पेशीचे रायबोसोम, ज्यांना आपला हुकूम कोणता व परका कोणता हे ओळखता येत नाही, त्या संदेशांवरून विषाणूची प्रथिने बनवू लागतात. सारे पुढील कार्य या पहिल्या तुकडीवर अवलंबून असते.

त्या तुकडीतील एक प्रथिन, शास्त्रज्ञ ज्याला डी-५ म्हणतात, मला विशेष लक्षणीय वाटते, कारण त्याच्याकडे एकाहून अधिक कामे आहेत: ते गाभ्याचे कवच फोडून डीएनए बाहेर येण्यास मदत करते, डीएनएचा पीळ उकलते, आणि जेथे नवी साखळी सुरू व्हावयाची तेथे आरएनएचा आखूड आरंभतुकडा घालते. या आरंभतुकड्याची गरज अशी की ई-९ नावाचे जे प्रथिन पुढे प्रत काढते त्याला कोऱ्या जागेवरून आरंभ करता येत नाही. आधी कोणीतरी टोक धरून द्यावे लागते. ई-९ ने काम मध्येच सोडू नये म्हणून ए-२० व डी-४ ही दोन प्रथिने त्याला डीएनएशी घट्ट बांधून ठेवतात. विषाणूच्या डीएनएची दोन्ही टोके केसाच्या आकड्याप्रमाणे मागे वळलेली असतात, त्यामुळे प्रत टोकाशी पोहोचली की वळसा घेऊन दुसऱ्या बाजूस लागते आणि अनेक प्रती एकमेकींना जोडलेल्या लांबलचक साखळीच्या रूपाने तयार होतात. त्या नेमक्या जागी तोडून सुट्या करणारे प्रथिन वेगळेच असते.

पेशीही अगदी निःशस्त्र नसते. केंद्रकाबाहेर सापडलेला डीएनए तिला संशयास्पद वाटतो, आणि बाफ नावाचे तिचे एक लहानसे प्रथिन अशा डीएनएला चिकटून त्याची गाठ वळते, म्हणजे त्याची प्रत काढता येऊ नये. विषाणूचे बी-१ हे प्रथिन या बाफवर फॉस्फेटाचा एक कण लावते. तेवढ्याने बाफची पकड सुटते. बी-१ नसलेला विषाणू पेशीत शिरतो, पहिली प्रथिनेही बनवितो, पण त्याच्या डीएनएची प्रत निघत नाही. त्वचेच्या एका पेशीत हे सगळे घडून प्रत काढण्यास आरंभ होतो तो सुमारे दोन तासांत. प्रत निघाल्यावरच उशिराच्या प्रथिनांचे हुकूम सुटतात, नवे विषाणू बांधले जातात, शेजारच्या पेशीत शिरतात, आणि ही फेरी पुन्हापुन्हा होऊन तिसऱ्या दिवशी दंडावर पुटकुळी, पाचव्या-सहाव्या दिवशी पाण्याचा फोड व आठव्या दिवशी भरदार, स्वच्छ लस दिसते. मावळातील टोचणाऱ्याला ज्या दिवशी ओढा ओलांडून गावी परतावे लागे, तो दिवस मुंबई सरकारच्या हुकुमाने ठरलेला नव्हता. डी-५ आणि ई-९ यांच्या वेगाने, आणि फोडात पू होण्याआधी शरीराकडून त्यांना मिळणाऱ्या सवलतीच्या मुदतीने तो ठरत होता. व्हॅक्सिनियाची ही धावपळ देवीच्या विषाणूच्या सुमारे बारा दिवसांच्या गुप्त मुदतीपेक्षा लवकर आटोपते, म्हणूनच देवीच्या रोग्याशी संपर्क आल्यानंतरही तीन-चार दिवसांत टोचले तर बहुधा निभावते.

उन्हाळ्यातल्या लसीचे कोडे १९३६ साली बेरी आणि डेड्रिक या दोघांच्या एका प्रयोगातून उलगडू लागले. त्यांनी सशांच्या दोन जवळच्या विषाणूंपैकी मिक्सोमा हा घातक विषाणू उष्णतेने मारला आणि फायब्रोमा हा सौम्य विषाणू जिवंत ठेवून दोन्ही एकत्र टोचले. तेव्हा मेलेला मिक्सोमा पुन्हा उठला व सशांना त्याचाच रोग झाला. पुढे १९६० च्या सुमारास फेनर व जोक्लिक प्रभृतींनी त्याचा अर्थ लावला, तो असा की उष्णतेने विषाणूचा डीएनए नासत नाही, त्याची प्रथिने नासतात. जिवंत सोबत्याची प्रथिने मिळाली की तोच डीएनए पुन्हा कामाला लागतो. या कुळातील विषाणूचा निव्वळ शुद्ध डीएनए पेशीत सोडला तरी काही घडत नाही, ही गोष्टही त्याच अर्थाची पूरक. चैत्रातल्या उन्हात खोपोलीहून घाट चढणाऱ्या हरकाऱ्याच्या पिशवीत सुकलेल्या लसीतला लेख बहुधा शाबूत असे. तो वाचावयास सुरुवात करणारे मात्र उन्हाने गतप्राण झालेले असत.

अशी लस घेऊन फिरणाऱ्यांना लोकांचा विरोध झाला यात नवल नाही, आणि त्या विरोधाचे मूळ केवळ देवीवरील श्रद्धेत होते असे मला वाटत नाही. दंडावरून दंडाला टोचण्यात एका मुलाचा फोड चिरून दुसऱ्याला लावावा लागे, आणि ते पहिले मूल कोणत्या जातीचे, त्याला दुसरा काही रोग आहे किंवा कसे, हे विचारण्याचा आईबापांना हक्क नव्हता. त्यातून फोड आलेल्या मुलाला पुढील गावी नेण्यासाठी पाटलामार्फत ताकीद येई. तान्हे मूल कडेवर घेऊन आईने शिवारातली कापणी सोडून चार कोस चालत जावे, ही मागणी कोणत्याही धर्मश्रद्धेशिवायही जाचक होती. वहीत टोचलेल्यांची संख्या भरली म्हणजे कारभार झाला असे मानणाऱ्या खात्याने हा जाच फारसा मनावर घेतला नाही. मुंबई शहरात १८७७ च्या कायद्याने लहान मुलांना टोचणे सक्तीचे झाले. घाटावरच्या गावांत सक्तीपेक्षा पाटलाची भीड अधिक काम करी.

मध्यंतरी घाटाचे रूप पालटले. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतची आगगाडी १८५८ साली सुरू झाली, पण खोपोली ते खंडाळा हा टप्पा पालखीतून किंवा खुर्चीतून चढावा लागत होता. २५ बोगद्यांचा लोहमार्ग पुरा होऊन १८६३ साली मुंबईची गाडी थेट घाट चढू लागली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येताच वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ते काम पुढे चालविले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. हजारो मजुरांच्या ज्या छावण्या या कड्यांवर वर्षानुवर्षे पडल्या होत्या त्यांत साथीच्या रोगांनी किती माणसे नेली याची कोणी अशी आस्थेने आठवण ठेवलेली नाही. लोहमार्गाने लसीचा प्रवास दिवसांवरून तासांवर आला. त्याच सुमारास मुंबईत वासरांच्या अंगावर लस वाढविण्याचे प्रयोग सुरू झाले, आणि माणसाच्या दंडाची साखळी ढिली होऊ लागली. पुढे कोपमन या इंग्रज वैद्याने १८९१ साली लसीत ग्लिसरीन मिसळले तर तीतील इतर जंतू मरतात व लस अधिक टिकते असे दाखविले. विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात सरकारी लसकेंद्र निघाले. वासरांच्या मुंडलेल्या पोटावर व्हॅक्सिनियाचे ओरखडे काढून तेथे लस तयार होई व ती इलाख्याच्या जिल्ह्यांत पाठविली जाई. बेळगावचे ‘व्हॅक्सिन डेपो’चे मैदान आजही त्या नावाने ओळखले जाते. ज्या लसीने एके काळी मुंबईहून बोरघाट चढावा, ती आता दक्षिणेकडून मिरजेच्या वाटेने येऊ लागली.

स्वातंत्र्यानंतर १९६२ साली राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, शीतशुष्क लस आली, दुफाळी सुई आली, आणि ज्या उष्णतेपुढे दीडशे वर्षे टोचणाऱ्यांनी हात टेकले होते तिच्यातही पूड केलेली लस आठवडेच्या आठवडे टिकू लागली. देशातला शेवटचा रोगी १९७५ च्या मे महिन्यात आसामात करीमगंजला सापडला व १९७७ च्या एप्रिलमध्ये भारत देवीमुक्त ठरला. या देशात १९६७ साली एका रोग्याच्या अंगावरून घेतलेल्या देवीच्या विषाणूचा संपूर्ण डीएनए पुढे १९९० नंतर रशियात वाचण्यात आला. तो १,८५,५७८ अक्षरांचा भरला, आणि त्यात डी-५, ई-९ व त्यांचे सोबती व्हॅक्सिनियातल्यासारखेच, जवळजवळ अक्षरशः, आढळले. भाऊबंदांत इतके साम्य होते म्हणूनच एकाच्या ओरखड्याने दुसऱ्याची वाट बंद झाली.

मावळच्या आणि महाराष्ट्राच्या गोठ्यांत मात्र हे कुळ अद्याप नांदते आहे. सोलापूर व कोल्हापूर जिल्ह्यांत २००९ साली म्हशींच्या सडांवर आणि त्यांचे दूध काढणाऱ्यांच्या हातांवर फोड उठले तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने त्यांची तपासणी केली. हा म्हैसदेवीचा विषाणू व्हॅक्सिनियाचाच सख्खा आप्त आहे, आणि टोचलेल्या माणसांकडून किंवा वासरांकडून तो जनावरांत उतरला असावा असा तज्ज्ञांचा तर्क आहे. त्यानंतर २०२२ साली गुरांत लंपीची साथ आली, राज्यभर जनावरांचे बाजार बंद झाले, आणि पशुवैद्य गोठ्यागोठ्यांत जाऊन गाईबैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचू लागले. लंपीचा विषाणूही याच कुळातला, पेशीद्रवात उतरून स्वतःच्या प्रथिनांनी प्रत सुरू करणारा. आणि शेळ्यांच्या देवीचा विषाणू त्याचा चुलत भाऊ. त्याच वर्षीच्या डिसेंबरात खुद्द लंपीच्या दुबळ्या केलेल्या जिवंत विषाणूपासून लस बनविण्याचे तंत्र पुण्याच्या औंधातील सरकारी पशुवैद्यकीय संस्थेला देण्याचा करार झाला.